ग्रंथालयाच्या तासाला करायचं काय?

नाशिकमध्ये शिक्षकांच्या बैठकांत आणि पालकांच्या गप्पांत सध्या एक वाद वारंवार कानावर येतो. प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात आठवड्यातून एखादी ग्रंथालयाची तासिका असते. त्या तासिकेला मुलांकडून उपक्रम करून घ्यावेत, की पुस्तकं हातात देऊन त्यांना गप्प वाचू द्यावं? एका बाजूचं म्हणणं असं, की शब्दकोडी, पात्राला पत्र, गोष्टीचा शेवट बदला, नाट्यीकरण या धामधुमीत वाचन राहूनच जातं. पुस्तक आणि मूल यांच्या मध्ये कुणी येऊच नये. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, नुसतं वाचन म्हणजे वेळ काढणं. त्यातून मुलाला काय मिळालं ते कळत नाही, म्हणून प्रत्येक तासिकेला उपक्रम हवा, त्याचा अहवाल हवा, फोटोही हवा. दोन्हीकडची माणसं तळमळीने बोलतात. पण आपण नेमक्या कोणत्या मुलाबद्दल बोलतोय, हे कुणी विचारत नाही. घरात पुस्तकांनी भरलेली फळी असलेल्या कॉलेज रोडवरच्या मुलीबद्दल? की घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणाऱ्या आणि छापलेली गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा शाळेतच पाहणाऱ्या सुरगाण्याच्या पाड्यावरच्या मुलाबद्दल?

माझं मत आधीच सांगून टाकतो. प्राथमिक शाळेच्या ग्रंथालयात उपक्रम हवेतच, आणि ज्या मुलांच्या घरात पुस्तक नाही त्यांच्यासाठी तर ते अत्यावश्यक आहेत. मात्र उपक्रमाची सुरुवात पुस्तकापासून व्हावी आणि तो संपल्यावर मुलाने आपणहून पुस्तकाकडे हात न्यावा, एवढी अट मी घालतो. पुस्तक न उघडता जो करता येतो तो उपक्रम चांगला असेलही, पण तो ग्रंथालयाचा नव्हे. त्याला चित्रकलेचा किंवा कार्यानुभवाचा तास आहे. आणि उपक्रम साधला की नाही हे फोटोवरून ठरवू नये. त्या आठवड्यात किती मुलांनी पुस्तक घरी नेलं, यावरून ठरवावं.

‘गप्प वाचू द्या’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं हलकं नाही. त्यातली सगळ्यात भक्कम बाजू अशी, की मुलाला वाचनाचा आनंद मिळायला लागला की लगेच त्या आनंदाची परीक्षा घेण्याची आपल्याला खोड आहे. दुसरीतलं मूल वाघाच्या गोष्टीत रमलेलं असतं, तेवढ्यात त्याच्यापुढे कागद येतो: लेखकाचे नाव लिहा, आवडलेले पात्र लिहा, तात्पर्य लिहा. पुढच्या वेळी ते मूल गोष्ट निवडत नाही, सगळ्यात कमी पानांचं पुस्तक निवडतं. १९७३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली आणि त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. मुलांनी चित्रं काढली, प्रमाणपत्रंही घेतली. पण त्यानंतर काही दिवसांनी मोकळ्या वेळात रंग समोर ठेवले, तेव्हा बक्षिसाचं आमिष मिळालेली हीच मुलं इतरांपेक्षा कमी वेळ रंगांकडे वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं होतं त्यांचं मात्र असं झालं नाही. आपल्या शाळांत ‘सर्वांत जास्त पुस्तकं वाचणाऱ्या विद्यार्थ्याला बक्षीस’ असते, तेव्हा आपण नेमकं काय शिकवत असतो? १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस आपण २०१५ पासून राज्यभर वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी कितीतरी शाळांत पुस्तकं सतरंजीवर मांडली जातात, मुलं रांगेत बसतात, फोटो निघतो आणि पुस्तकं पुन्हा कपाटात जातात. हे पाहून कुणी वैतागला आणि म्हणाला, ‘हे सगळं बंद करा आणि मुलांना वाचू द्या,’ तर त्या वैतागामागचं प्रेम मला पूर्ण कळतं.

पण ‘वाचू द्या’ म्हणताना त्या मुलाला वाचता येतं, हे आपण गृहीत धरतो. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीत शिकणाऱ्यांपैकी ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. तिसरीत हे प्रमाण २३.४ टक्के होतं. म्हणजे पाचवीच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांपुढे आपण पुस्तक ठेवतो आणि सांगतो, गप्प वाच. ते मूल काय करतं? ते चित्रं बघतं, पानं उलटतं, शेजारच्याला ढोसतं, आणि शेवटी सरांना वाटतं की या मुलाला वाचनाची आवडच नाही. अमेरिकेत वाचनविषयक संशोधनाचा आढावा घ्यायला नेमलेल्या राष्ट्रीय समितीने २००० साली आपला अहवाल दिला. शिक्षकाचं मार्गदर्शन आणि प्रतिसाद फारसा नसलेल्या मूक वाचनाने वाचनाचं कौशल्य वाढतं, असं म्हणण्याइतका पुरावा तिला मिळाला नाही. या निष्कर्षावर पुढे बराच वाद झाला, आणि मूक वाचन निरुपयोगी असतं असं त्या समितीनेही म्हटलेलं नव्हतं. पण ‘पुस्तक दिलं की पुरे’ या भाबड्या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही, एवढं नक्की. ज्या घरात आजी रात्री गोष्ट वाचून दाखवते, आई मोबाइल बाजूला ठेवून चित्रांतला हत्ती दाखवते, त्या घरातल्या मुलासाठी ग्रंथालयातला उपक्रम आधीच, घरीच, झालेला असतो. शाळेत त्याला शांतता आणि पुस्तक एवढंच लागतं. ज्याच्या घरी हे झालेलं नाही त्यालाही तेवढंच देणं ही समान वागणूक दिसते, पण तिच्यातून असमानता पक्की होते.

आणि एकट्याने, मनातल्या मनात, कोपऱ्यात बसून केलेलं तेवढंच खरं वाचन, ही समजूत तरी आपल्याकडे कधीची? महाराष्ट्रातल्या खेड्यांत पुस्तकाशी ओळख झाली ती चातुर्मासातल्या पोथीतून. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बाकीचं देऊळ ऐकायचं. कुणी मध्येच विचारायचं, कुणी डोळे पुसायचं. त्या मंडळींत अक्षरओळख असणारे थोडेच असत, पण पोथीत पुढे काय आहे हे सगळ्यांना ठाऊक असे. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये ‘श्यामची आई’ लिहिली ती इथेच, नाशिकच्या तुरुंगात. त्या पुस्तकाची प्रकरणं रात्रींनी मोजली आहेत, कारण श्याम रोज रात्री प्रार्थनेनंतर आश्रमातल्या सोबत्यांना आठवणी सांगतो आणि ते ऐकतात. मराठी घरांतून सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांपैकी एक सांगण्या-ऐकण्याच्या रूपात लिहिलेलं आहे, हे आपण विसरतो. मग चौथीच्या वर्गात बाईंनी गोष्ट मोठ्याने वाचली, मध्ये थांबल्या, मुलांना बोलू दिलं, तर वाचनात कोणता व्यत्यय आला? आपण उलट एका जुन्या, आपल्या मातीतल्या रीतीकडे परत गेलो. बडबड आणि वाचन यांचं वैर आहे असं मानून ग्रंथालयात तोंडावर बोट ठेवलेल्या मुलाचं चित्र लावणारी शाळा मला म्हणूनच अस्वस्थ करते. सहा-सात वर्षांचं मूल विचार करतं ते बोलत बोलत.

चांगला उपक्रम कसा असतो ते आता नीट सांगायला हवं, कारण वाद इथेच धूसर होतो. सगळ्यात साधा आणि सगळ्यात दुर्लक्षित उपक्रम म्हणजे शिक्षकाने केलेलं प्रकटवाचन, म्हणजे मोठ्याने वाचून दाखवणं. त्याला ना साहित्य लागतं, ना तक्ते, ना फेविकॉल. पण ते नीट करायचं तर तयारी लागते. शिक्षकाने पुस्तक आधी स्वतः वाचलेलं असावं. पुस्तक मुलांकडे तोंड करून धरायचं, मुखपृष्ठावर थांबायचं, आत काय असेल याचा अंदाज बांधू द्यायचा. चित्रात असलेली पण शब्दांत नसलेली गोष्ट मुलांना शोधू द्यायची. चांगल्या चित्रपुस्तकात अशी एखादी खोडी प्रत्येक पानावर असते. ‘यावरून काय शिकलात?’ हा प्रश्न टाळायचा. ‘तुला काय विचित्र वाटलं?’ किंवा ‘तू असतास तर?’ असं विचारलं की मागच्या ओळीतलं मूलही बोलतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाचून झालेलं पुस्तक मुलांच्या हाती लागेल असं तिथेच ठेवायचं. नुकती ऐकलेली गोष्ट अडखळत वाचणाऱ्या मुलालाही वाचता येते, कारण पुढचं वाक्य काय असणार हे त्याला अर्धंअधिक माहीत असतं. त्या पुस्तकासाठी मुलांची ओढाताण होते. प्रकटवाचन साधलं की नाही, हे कळायला मला तेवढी ओढाताण पुरेशी वाटते.

दुसरा उपक्रम मुलांच्या घरच्या भाषेचा. नाशिक जिल्ह्यात मुलांची घरची भाषा एकच नाही. सटाणा-देवळा-मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा, मालेगाव शहरात उर्दू शाळाच वेगळ्या. या मुलांसाठी पुस्तकाची भाषा थोडी परकी असतेच. तिथे ग्रंथालयाच्या तासाला एखाद्या आजीला बोलवावं, तिने अहिराणीत गोष्ट सांगावी, मुलांनी ती लिहून काढावी, चित्रं काढावीत, बाईंनी ती शिवून पुस्तक करावं. इथपर्यंत बऱ्याच शाळा येतात. पुढची पायरी मात्र सहसा गाळली जाते. ते पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं पाहिजे, त्यावर क्रमांक पडला पाहिजे, आणि विकत आणलेल्या पुस्तकांशेजारी ते फळीवर उभं राहिलं पाहिजे, म्हणजे पहिलीतलं पोर पुढच्या वर्षी ते मागून नेईल. नाहीतर ते प्रदर्शनात टाचण्यांवर लटकतं आणि दिवाळीच्या सुट्टीत रद्दीत जातं. ग्रंथालयात आपल्या आजीची गोष्ट क्रमांक घेऊन बसली आहे, हे पाहिलेल्या मुलाला पुस्तक कुणा दुसऱ्याचं वाटत नाही.

तिसरा उपक्रम शोधाचा. हा तिसरी-चौथीच्या पुढे जमतो, आणि त्याची आपल्याकडे फार हेळसांड होते, कारण ग्रंथालय म्हणजे गोष्टींची पुस्तकं असं समीकरण झालं आहे. पांडवलेणी घ्या. नाशिकच्या बहुतेक मुलांनी ती पाहिलेली असतात, निदान मुंबई-आग्रा महामार्गावरून. ती पांडवांनी कोरली, हे त्यांनी ऐकलेलं असतं. ग्रंथालयाच्या तासाला एवढंच विचारावं: ही लेणी कोणी कोरली, कशावरून? मुलं कपाटाकडे जातात. अनुक्रमणिका कशासाठी असते हे त्यांना त्या दिवशी खरं कळतं. एका पुस्तकात सापडतं, की ही चोवीस बौद्ध लेणी आहेत. दुसऱ्यात सापडतं, की तिथे सातवाहनांचे आणि क्षत्रपांचे कोरीव लेख आहेत आणि त्यांतल्या एका लेण्यात गौतमी बलश्री नावाच्या राणीने आपल्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाचं वर्णन कोरवून घेतलं आहे. मग मुलं विचारतात, लेख वाचला कोणी? ती अक्षरं कुठली? पांडवांचं नाव कुठून आलं? यातल्या एकेका प्रश्नाला एकेक पुस्तक लागतं. त्यानंतर सहल न्यावी. लेण्यातली ती अक्षरं बघणारं मूल आणि नुसतं डबा खाऊन येणारं मूल यांत फरक असतो, आणि तो फरक पाऊण तासाच्या शोधाने घडवलेला असतो. लेण्यांच्या पायथ्याशीच फाळके स्मारक आहे. दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. ब्रह्मगिरीवर उगम पावणारी गोदावरी आहे, लासलगावचा कांदा आहे, द्राक्षं आहेत. विषय कमी आहेत असं म्हणायला नाशिकच्या शिक्षकाला वाव नाही. मोबाइलवर एका वाक्यात उत्तर मिळत असताना पुस्तकं कशाला धुंडाळायची, असं कुणी विचारेल. एका वाक्यात उत्तर मिळतं म्हणूनच धुंडाळायची. दोन पुस्तकं दोन गोष्टी सांगतात तेव्हा मुलाला ठरवावं लागतं, आणि हे ठरवणं शिकवायला प्राथमिक शाळेत दुसरी जागा नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे. प्रत्येक तासाला उपक्रम, प्रत्येक उपक्रमाचा अहवाल, असा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. शिक्षण विभागाने शाळेला पैसे दिले, पुस्तकं दिली, तर ती वापरली जातात की नाही हे कळण्याचा काहीतरी मार्ग हवाच. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत असं स्पष्ट म्हटलं आहे. समग्र शिक्षा अभियानात शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५ हजारांपासून २० हजारांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. हा लोकांचा पैसा आहे. त्याचा हिशेब मागणाऱ्या केंद्रप्रमुखाला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, आपण खलनायक ठरवू नये. हिशेब मागितलाच नाही तर काय होतं, हेही आपण पाहिलेलं आहे: शाळांना शिक्षणसाहित्य पुरवणाऱ्या १९८७ च्या सरकारी खडू-फळा मोहिमेपासून आलेल्या पुस्तकांचे गठ्ठे अनेक ठिकाणी सुतळीही न सोडता राहिले.

पण हिशेब कशाचा मागायचा? फोटो मागितला की शाळा फोटो देते. मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवतं असं मानणाऱ्या ज्ञानरचनावादाच्या लाटेत हे आपण मोठ्या प्रमाणावर अनुभवलं. साताऱ्याच्या कुमठे बीटमधल्या (बीट म्हणजे शिक्षण विभागाने केलेला शाळांचा गट) शिक्षकांनी मुलं कशी शिकतात याचा बारकाईने विचार करून वर्गाच्या फरशीवर आकृत्या रंगवल्या होत्या. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या काळात फरश्या राज्यभर रंगल्या. जिथे शिक्षकाने मागचा विचार समजून घेतला तिथे मुलं शिकली. जिथे फक्त रंगाचा डबा पोहोचला तिथे रंग उडेपर्यंत फरशी छान दिसली. ग्रंथालयाच्या उपक्रमांचं आज हेच होऊ घातलं आहे. पुठ्ठ्याचं पुस्तकांचं झाड भिंतीवर येतं, दोरीवर पुस्तकं टांगली जातात आणि टांगलेलं पुस्तक काढून वाचायला मनाई असते, कारण मांडणी बिघडते. दोष शिक्षकाचा कमी आहे. त्याच्याकडून जे मागितलं जातं तेच तो देतो. म्हणून मागणं बदला. प्रत्येक शाळेत देवघेव नोंदवही असते, निदान असायला हवी. केंद्रप्रमुखांनी शाळेत गेल्यावर ती उघडावी. कोणतं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं, कोणत्या मुलाच्या नावावर तीन महिन्यांत एकही नोंद नाही, सगळ्यात मळलेलं पुस्तक कुठलं, हे विचारावं. मग त्या नोंद नसलेल्या मुलाशी पाच मिनिटं बोलावं. एवढ्याने शाळेच्या वाचनाबद्दल जे कळेल ते शंभर फोटोंतून कळणार नाही, आणि त्यात शिक्षकाचा एक मिनिटही जास्तीचा जाणार नाही.

या बाबतीत आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाकडे पाहावं. सयाजीराव गायकवाड १८६३ साली मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्यात जन्मले आणि पुढे बडोद्याचे महाराज झाले. १९०६ मध्ये त्यांनी सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सोडल्यावर वाचायला काही मिळालं नाही तर शिकलेली अक्षरं पुसली जातात, हे त्यांनी ओळखलं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून गावोगाव ग्रंथालयं उभी करायला घेतली. जिथे ग्रंथालय नाही तिथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं गेली. आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी त्याच ग्रंथालय खात्याने चित्रदर्शन शाखा काढली. गावात रात्री मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवायची, त्यावर बोलायचं. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या खात्याला कळलं होतं, की न वाचणाऱ्याला पुस्तकापर्यंत आणायला काहीतरी करून दाखवावं लागतं. पण चित्रं दाखवून खातं थांबलं नाही, पेटीतली पुस्तकंही गावात पोहोचली. दोन्ही एकत्र होतं म्हणून ती चळवळ झाली. आज आपण यातलं एक निवडायचं की दुसरं, यावर भांडतोय.

शिक्षकांचा जो आक्षेप आहे तो मला सगळ्यात गंभीर वाटतो, आणि तो वादात सगळ्यात कमी ऐकला जातो. हे सगळं करणार कोण? प्राथमिक शाळेत ग्रंथपालाचं पद नाही. कुणातरी शिक्षकाकडे ग्रंथालयाचा चार्ज असतो, आणि त्याच्याकडे पोषण आहाराचा, शिष्यवृत्तीचा, ऑनलाइन माहिती भरण्याचाही असतो. द्विशिक्षकी शाळेत तर चार वर्ग दोघांत. वर पुस्तक फाटलं, हरवलं तर भरून द्यायची भीती. पुस्तकं डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या कायम मालमत्तेत, धरलेली असली की कपाट बंद ठेवणं हाच सुरक्षित मार्ग उरतो. मी या शिक्षकाच्या जागी असतो तर कपाटाला कुलूप लावण्याचा मोह मलाही झाला असता. म्हणून त्याला ‘मनापासून करा म्हणजे होईल’ असा उपदेश करणं मला अन्यायाचं वाटतं. शासनाने केंद्राच्या पातळीवर तरी एक ग्रंथपाल नेमावा, जो दहा-बारा शाळांना आलटून पालटून जाईल, पुस्तकं बदलेल, शिक्षकांना प्रकटवाचन करून दाखवेल. मुलांनी वापरून फाटलेलं आणि हरवलेलं पुस्तक दरवर्षी सहज निर्लेखित करता यावं, म्हणजे नोंदीतून कमी करता यावं, त्यासाठी शिक्षकाला खुलासा लिहावा लागू नये. वापराने जीर्ण झालेलं पुस्तक हे शाळेचं नुकसान धरणं बंद व्हायला हवं. दहा वर्षांनी कोरं करकरीत राहिलेलं पुस्तक हे नुकसान आहे.

पण ते होईपर्यंत हात बांधून बसण्याचं कारण नाही, कारण मी जे मागतोय ते आज चालू असलेल्या धावपळीपेक्षा कमीच आहे. पुठ्ठे कापणं, सजावट, अहवाल, फोटो यांत जाणारा वेळ वाचला तर आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचं प्रकटवाचन सहज बसतं. परिपाठात सुविचाराच्या जोडीला एका मुलाने एका पुस्तकातलं अर्धं पान वाचून ‘पुढचं तुम्ही वाचा’ म्हणून थांबावं. शालेय मंत्रिमंडळ बहुतेक जिल्हा परिषद शाळांत असतंच. त्यातल्या ग्रंथालय मंत्र्याला नुसता बिल्ला न देता देवघेवीची वही द्यावी. चौथी-पाचवीतली मुलं नोंदी अचूक ठेवतात, आणि पुस्तक कुणाकडे अडकलं आहे हे त्यांना मोठ्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. पाचवीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला पुस्तक वाचून दाखवावं. यात दोघांचं वाचन होतं, आणि पाचवीतल्या ज्या मुलाला खालच्या पातळीचं पुस्तक हातात धरायची लाज वाटते त्याला ते धरण्याचं मानाचं कारण मिळतं. हा शेवटचा उपक्रम मला फार मोलाचा वाटतो. मागे पडलेल्या मुलाला सोपं पुस्तक देणं हे नाजूक काम आहे, वर्गासमोर दिलं की तो ते कधीच उघडत नाही.

शाळेला एकटीनेच हे ओढायची गरज नाही, हेही बोलायला हवं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजेच ‘सावाना’, १८४० चं. रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, आणि लगेच आपण. पुण्याचं नगर वाचन मंदिर त्यानंतरचं, १८४८ चं. सावानाचा अभिमान बाळगणाऱ्या या शहरात किती प्राथमिक शाळांतली मुलं वर्षातून एकदा तरी त्या इमारतीची पायरी चढतात? कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांमध्ये फिरवून दाखवल्या, त्या परदेशातल्या मराठी माणसांपर्यंतही पोहोचल्या. बडोद्याच्या लाकडी पेट्यांची कल्पना शंभर वर्षांनी नाशिकमधून पुन्हा चालू लागली, असं म्हणायला हरकत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शालेय आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी हातात हात घालावा असं सांगतं. मग पेटीचा हा रस्ता शाळांनी का घेऊ नये? एकाच केंद्रातल्या शाळांनी आपापली पुस्तकं पेट्यांत भरून दर दोन-तीन महिन्यांनी आपापसांत बदलली, तर नवीन एक रुपया खर्च न करता प्रत्येक मुलाला कितीतरी नवी पुस्तकं मिळतील.

या पेट्यांची सगळ्यात जास्त गरज कुणाला आहे? दिवाळीनंतर सुरगाणा, पेठ भागातली कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला उतरतात, आणि बरोबर मुलंही. गावातल्या शाळेत त्यांच्या नावापुढे गैरहजेरी लागत राहते. जिथे आली तिथल्या शाळेत ती काही महिन्यांची पाहुणी. यांना पुस्तक द्यायला शिक्षक कचरतात, कारण कुटुंब कधी निघून जाईल आणि पुस्तक परत येईल की नाही याचा भरवसा नसतो. माझं म्हणणं, जाऊ द्या ते पुस्तक. स्थलांतर करणाऱ्या प्रत्येक मुलाला निघताना दोन पुस्तकं नावावर लिहून द्यावीत, आणि बागेजवळच्या शाळेने ती तिथे बदलून द्यावीत, नोंद दोन्हीकडे राहील. काही हरवतील. पावसाळ्यात, शाळा उघडल्यावर जेवढी परत येतील तेवढी मोजावीत, बाकीची निर्लेखित करावीत, आणि पुढच्या अनुदानातून पहिली खरेदी या मुलांच्या नावाने करावी.